गॅप

सकाळचे साडेनऊ. आलापल्लीच्या चौकातून लोहखनिजाचा ट्रक वळतो आणि दवाखान्याचे पत्रे थरथरतात. बाकावरच्या बायका पदर नाकाला लावतात, धूळ बसली की बोलणं जिथं तुटलं तिथून पुढं सुरू. मार्च संपत आलाय. सगळ्यांच्या अंगाला मोहाचा वास आहे. अंधार असतानाच उठून, झाडाखाली उकिडवं बसून त्यांनी टोपलीभर फुलं वेचली आहेत आणि मगच कंबर दाखवायला आल्या आहेत.

महिन्यातून एकदा नागपूरहून हाडांचे डॉक्टर इथं येऊन बसतात. मी आतेभावाला घेऊन आलोय, त्याचा नंबर बाविसावा. आत खोलीत एकच टेबल आणि दार उघडंच. त्यामुळं जे दिसतं ते बघतोय.

आता आत गेलेली बाई पेरमिलीकडची आहे. पन्नाशीची असेल. बरोबर आशाताई. हातातल्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत चंद्रपूरला काढलेल्या एमआरआयच्या फिल्मा. ती माडियात बोलते, कंपाउंडर मराठी करून सांगतो. तिच्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द मला थेट कळतो: गॅप.

हा शब्द महाराष्ट्रभर फिरलाय. कोल्हापुरातल्या रिक्षावाल्यापासून इथल्या मोह वेचणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांच्या ‘मणक्यात गॅप आलाय’. गंमत म्हणजे घडतं ते नेमकं उलट. दोन मणक्यांमधली गादी चपटी होते, म्हणजे गॅप कमी होतो. कुणा डॉक्टरनं कधीतरी ‘गॅप कमी झालाय’ म्हटलं असणार. ऐकणाऱ्यानं ‘कमी’ गाळलं आणि गॅप तेवढा घरी नेला. मग माणूस वाकायला भितो. आपला कणा मधेच कुठंतरी सुटलाय, असं त्याच्या मनानं घेतलेलं असतं.

डॉक्टर फिल्मा बघत नाहीत. पिशवी तशीच खिडकीत ठेवतात आणि बाईला टाचांवर चालायला सांगतात. मग चवड्यांवर. ती हसत चालते, बाकावरच्याही हसतात. टेबलावर उताणी निजवून तिचा एकेक पाय गुडघा न वाकवता वर उचलला जातो. उजवा पाय अर्ध्यावर येतो तोच ती तोंड आवळते. कळ कुठं गेली? ती बोटानं रेघ ओढते: कुल्ल्यावरून, पोटरीच्या बाहेरून, अंगठ्यापर्यंत. डॉक्टर तो अंगठा वर उचलायला सांगून स्वतःच्या बोटानं दाबतात. ताकद आहे. घोट्यामागं रबरी हातोडी पडते, पाऊल टुणकन उडतं. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी नसेला टेकलीय, हे एव्हाना कळलेलं आहे आणि फिल्म अजून पिशवीतच आहे.

आता एक प्रश्न उरतो. कंपाउंडर तो विचारताना अडखळतो, भिंतीकडे बघतो. शेवटी आशाताई पुढं होते, बाईच्या कानाशी वाकते. लघवी कळेनाशी झालीय का? धरवेनाशी झालीय का? मांड्यांच्या मधल्या जागेला बधिरपणा? बाई जोरात मान हलवते, नाही. डॉक्टर कागदावर टिक करतात. या एका उत्तरावर बाईचा सगळा दिवस ठरतो. ‘हो’ असतं तर तिला आत्ताच्या आत्ता गाडीत घालून शस्त्रक्रियेला पाठवावं लागलं असतं. नाही, म्हणजे घाई नाही. सरकलेली गादी पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आकसते, शरीरच तो तुकडा खाऊन टाकतं.

फिल्म शेवटी खिडकीच्या उजेडात धरली जाते. वरच्या गाद्या पांढुरक्या, खालच्या दोन काळ्या. गादीत पाणी असतं तोवर ती पांढरी दिसते. मोठ्या माणसाच्या गादीला रक्तवाहिनी जवळजवळ नसतेच. वरच्या-खालच्या हाडातून झिरपेल त्यावर ती जगते, म्हणून वयाबरोबर वाळत जाते. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१५ साली अशा फिल्मांवरच्या ३३ अभ्यासांची बेरीज मांडली. त्यातल्या ३,११० माणसांचं काहीच दुखत नव्हतं. तरी विशीतल्या ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. म्हणजे बाहेर बाकावर बसलेल्या आम्हा सगळ्यांची फिल्म काढली तर निम्मा बाक काळा निघेल.

डॉक्टर हे आकडे सांगत नाहीत. “पहाटेचं मोहफूल कसं असतं? रसानं भरलेलं. तीन दिवस उन्हात टाकल्यावर?” कंपाउंडर भाषांतर करतो. बाई काहीतरी म्हणते आणि सगळे हसतात. “ती म्हणते, वाळलं म्हणून काय फेकून देतो का!”

रोवणीनं कंबर गेली, असं तिचं म्हणणं आहे. चिखलात दिवसभर वाकून पऱ्हे लावणारीला दुसरं काय वाटणार? फिनलंडमधल्या जुळ्या भावांच्या अभ्यासात मात्र गादी झिजण्यात ओझ्यापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा बराच जास्त निघाला. मी ते वाचलंय. तिच्यासमोर बोलायची माझी छाती नाही. गादी कशानं झिजते हा एक प्रश्न. दुखऱ्या कंबरेनं रोवणी कशी करायची, हा दुसरा. याच जिल्ह्यात, इथून शंभरावर किलोमीटरवर शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेनं घरोघर जाऊन पाठ-कंबरदुखी मोजली, ती या दुसऱ्या प्रश्नासाठी. मुंबईचे डॉ. शेखर भोजराज तिथंच मणक्याच्या शस्त्रक्रिया करायला येत आले आहेत.

पुढचा नंबर सोळा-सतरा वर्षांच्या पोराचा. पाठ दुखते, ताप नाही. डॉक्टर आधी मणक्यावर मूठ ठोकून बघतात, वजन उतरलंय का विचारतात. हाडाचा टीबी मनात असणार. मग, “सिकलचं कार्ड आहे का?” आई कमरेच्या पिशवीतून कार्ड काढते. एक्सरेत मणके वरून-खालून मधोमध दबलेले. सिकलसेलमध्ये हाडाच्या आतला रक्तपुरवठा अडतो आणि मणका असा खचतो. गादीचा इथं काही संबंध नाही. कंबरेचा पट्टा बांधून हा पोरगा बरा झाला नसता.

बाकावरचे एक आजोबा मला सांगतात, त्यांनी बाबा आमट्यांना हेमलकशात पाहिलंय, “उभे नाही तर झोपलेले. बसलेले कधीच नाही जी.” खरंच आहे. मणक्याच्या झिजेनं बाबांचं बसणं कायमचं सुटलं होतं. १९८५ साली कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा निघाली तेव्हाही तरुण पोरं सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे.

पावणेअकरा. पिकअप येते ती हॉर्न दाबतच. मागच्या हौद्यात खाट, खाटेवर तिशीतला माणूस. ताडावरून पडलाय. ताडी उतरवायला चढला होता. खाटेची दोरी सैल, कंबर झोळीसारखी खाली गेलेली. दोघं त्याच्या काखेत हात घालतात.

“हात काढा! कोणी हलवायचं नाही!” डॉक्टर चपला न घालताच रस्त्यावर आले आहेत. “कधी पडला?” कोंबडा आरवल्यावर. म्हणजे साडेपाच. ते घड्याळ बघतात. २०१२ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, मानेच्या मज्जारज्जूवरचा दाब २४ तासांच्या आत काढला त्यांच्यात सुधारणा जास्त दिसली. याची मान नाही, कंबरेच्या वरचा भाग आहे. छातीचा ताठ कणा जिथं लवचिक कंबरेला मिळतो, उंचावरून पडलेल्याचं बहुतेकदा तिथंच मोडतं. पण हिशेब तोच धरायचा. पाच तास गेले. गडचिरोली शंभरावर किलोमीटर, नागपूर त्याच्या पुढं आणखी पावणेदोनशेच्या आसपास.

१०८ ला फोन होतो. गाडी दुसऱ्या पेशंटला सोडायला गेलीय, अर्धा तास. फळी हवी. शेजारी सुताराचं दुकान. सागाचं गाव हे, फळ्यांना काय तोटा! सुतार आणि त्याचा पोरगा दाराचा एक कोरा पल्ला उचलून आणतात. अजून कडीही बसलेली नाही. एक जण डोकं धरतो, तिघं एका बाजूनं, डॉक्टर मोजतात. तीनला सगळे मिळून त्याला ओंडक्यासारखा कुशीवर वळवतात, पल्ला खाली सरकतो, परत उताणा. मधे कुठं पीळ पडत नाही. सावलीत आणतात.

टाचणी. इथं कळतं? हो. इथं? हो. जांघेखाली तो आभाळाकडे बघत राहतो. अंगठा हलव. तो हलवतोय असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटतं, अंगठा जागचा हलत नाही. आशाताई दोन लुगडी आडवी धरून आडोसा करते. त्याच्या आत डॉक्टर हातमोजा चढवून शेवटची, गुदद्वाराची तपासणी करतात. सगळी गर्दी गप्प आहे.

“थोडं धरतंय,” ते कंपाउंडरला म्हणतात. “लिही. मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही.”

सलाईन लागतं, लघवीची नळी पडते. मूत्राशय भरलंय हे त्याला आता कळणार नाही. कंपाउंडर स्टेरॉइडची बाटली पुढं करतो. डॉक्टर मान हलवतात. १९९० नंतर कित्येक वर्षं अशा पेशंटला ते भरमसाट दिलं जायचं. फायदा थोडा, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव फार, म्हणून आता सरसकट देत नाहीत.

१०८ येते. पल्ला गाडीत चढतो आणि तिथंच डॉक्टर त्याला पुन्हा वळवून गादीवर घेतात. ज्या कातडीला टोचलेलं कळत नाही तिला फळी रुतलेलीही कळत नाही. नागपूर येईपर्यंत पाठीला जखम होईल. पल्ला बाहेर येतो. त्याची बायको आत चढते, चप्पल रस्त्यावरच राहते. कोणीतरी ती खिडकीतून आत टाकतं.

सुतार पल्ला फडक्यानं पुसून परत घोडीवर ठेवतो. रंधा सुरू होतो. आत सतरावा नंबर पुकारला जातो.

समोरच्या मेडिकलमध्ये पेरमिलीची बाई उभी आहे. डॉक्टरनं पट्टा लिहून दिलेला नाही. गोळ्या आणि पोटावर निजून करायचे दोन व्यायाम, बस. तिनं तरी एक काढायला लावलाय. लुगड्यावरून बांधून बघते, कमरेत एकदा वाकते, सरळ होते, आणि दुकानदाराला बोटांनी विचारते: किती?