मुठींत मावणारा फोन

लोकल गाडींत एका हातानें वर लोंबणारी कडी धरून उभा असलेला मनुष्य दुसऱ्या हातांतील स्मार्टफोन कसा वापरतो, हें पाहण्यासारखें असतें. चार बोटें फोनाच्या पाठीशीं गुंतलेलीं. सारें काम एकट्या अंगठ्याचें. पडद्याच्या पलीकडच्या वरच्या कोपऱ्यांत कांहीं दाबावयाचें झाल्यास फोन तळहातावर सरकवावा लागतो, आणि त्याच क्षणीं पकड सैल होते. ज्यांचे हात लहान आहेत किंवा बोटें संधिवातानें आखडलीं आहेत, त्यांना ही कसरत रोजचीच.

आरंभीं असें नव्हतें. २००७ सालच्या पहिल्या आयफोनचा पडदा अवघा साडेतीन इंची होता. २०११ सालीं सॅमसंगनें ५.३ इंची नोट आणला, तेव्हां त्याच्या आकाराची थट्टा झाली. पुढें थट्टा थांबली नि गिऱ्हाइकें वाढलीं. आज श्रोत्यांपैकीं बहुतेकांच्या खिशांत साडेसहा इंचांच्या आसपासचाच फोन असावा.

लहान फोन शोधणारा दुकानांत जाऊन प्रथम इंच विचारतो आणि तेथेंच फसतो. इंच हें पडद्याच्या कर्णाचें माप. मूठ वळते ती रुंदीभोंवतीं. २०१४ सालच्या आयफोन ६ चा पडदा ४.७ इंची, तर २०२० सालच्या आयफोन १२ मिनीचा ५.४ इंची. ऐकणाऱ्यास दुसरा मोठा वाटेल. पण पहिल्याची रुंदी ६७ मिलिमीटर, तर दुसऱ्याची ६४.२! पडदा उंच नि अरुंद झाला, त्याच्या वरखालची कोरी जागा व तें वाटोळें बटण गेलें, म्हणून हें साधलें. तेव्हां मोजपट्टी लावावयाची ती रुंदीला. उलट टोकाला २०२४ सालचा आयफोन १६ प्रो मॅक्स ७७.६ मिलिमीटर रुंद आहे.

मग असे फोन निघत कां नाहींत? फोनाचें कवच लहान केलें म्हणून आंतील कॅमेरे व चिप त्या प्रमाणांत लहान होत नाहींत. कात्री लागते ती बॅटरीला. मिनीची बॅटरी २,२२७ मिलिॲम्पिअर-तासांची, तर त्याच्या थोरल्या भावाची, आयफोन १२ ची, २,८१५. लहान फोनाची मागणी करणारे बोलतात फार, विकत घेणारे थोडे, हेंही खरेंच. २०२२ सालीं ॲपलनें नव्या मालिकेंत मिनीची जागा ६.७ इंची प्लसला दिली. आसूसचा ५.९ इंची झेनफोन २०२३ पर्यंत टिकला. पुढच्याच वर्षीं तोही ६.७८ इंची झाला. घडीचे फोन खिशांत लहान खरे, पण उघडल्यावर अंगठ्याची तक्रार कायम.

वापरलेला मिनी घेणाऱ्यानें बॅटरीची उरलेली क्षमता सेटिंगमध्यें पाहावी आणि सुरक्षेचे अपडेट आणखी किती काळ मिळतील याची चौकशी करावी. मोठाच फोन गळ्यांत पडला असेल, तर पडद्याचा वरचा भाग अंगठ्यापाशीं खालीं ओढून आणण्याची एकहाती सोय बहुतेक फोनांत असते. ती चालू करून घ्यावी. नवा घेतांना मात्र दुकानांतच एक हात पाठीमागें ठेवून अंगठा दूरच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन पाहावा, मग पैसे मोजावे.