टाकीतला गंज

हल्ली खेडोपाडी मोटारसायकल झाली आहे. काटोल-नरखेडकडचा शेतकरी संत्र्याच्या बगीच्यात गाडीवरून जातो. गवळी दुधाचे कॅन गाडीला अडकवून नागपूर गाठतो. रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले, तर दारातली गाडीच कामी येते. अशी गाडी ऐन वाटेत अडली म्हणजे किती पंचाईत होते!

तिचे अडणेही मोठे चमत्कारिक असते. किक मारली की गाडी सुरू होते. कोसभर नीट चालते. मग आचके देते आणि बंद पडते. दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू होते. मिस्त्री कार्बोरेटर उघडून साफ करून देतो. आठ दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. पैसे जातात, रोजी बुडते. शेवटी माणूस म्हणतो, "गाडीच खराब निघाली!"

पण पुष्कळदा दोष कार्बोरेटरात नसतो. तो वर टाकीत असतो. टाकी आतून गंजलेली असते. हौदात गाळ साचला असेल, तर तोटी कितीही वेळा धुतली तरी पाणी गढूळच येणार. तसेच हे आहे.

पेट्रोल कसे वाहते?

जुन्या गाड्यांत पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येते. टाकीच्या तळाशी कॉक असतो. कॉकला बारीक जाळी असते. तेथून नळीवाटे पेट्रोल कार्बोरेटरात उतरते. कार्बोरेटरात जेट नावाचा पितळी तुकडा असतो. त्याचे भोक सुईच्या टोकाएवढे बारीक असते. गंजाचा एक कण त्यात बसला की इंजिनाला पुरेसे पेट्रोल मिळत नाही. जाळीवर गंजाचा थर बसला, तर पेट्रोल थेंबथेंब झिरपते. गाडी थांबवली की तेवढ्या वेळात थोडे पेट्रोल साचते, म्हणून ती पुन्हा सुरू होते.

गंज कशाने चढतो?

आम्ही शाळेत मुलांना एक प्रयोग करून दाखवीत असू. तीन शिशा घ्यायच्या. पहिलीत कोरडा खिळा घालून बूच घट्ट लावायचे. दुसरीत खिळा, उकळून घेतलेले पाणी आणि वर तेलाचा थर. तिसरीत अर्धा खिळा पाण्यात व अर्धा बाहेर. काही दिवसांनी पाहिले, तर तिसऱ्या शिशीतला खिळा गंजलेला दिसे. म्हणजे लोखंड गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात.

टाकी पत्र्याची असते. पेट्रोल भरलेले असेल तेथे पत्र्याला हवा लागत नाही. पण आपण कधी पन्नासाचे, कधी शंभराचे पेट्रोल घालतो. टाकीचा बराच भाग रिकामाच राहतो. आपल्या नागपुराकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. दिवसा टाकी तापते, आतली हवा फुगून बाहेर पडते. रात्री टाकी निवते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. मृग लागला की हीच हवा ओलसर होते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना? तसाच घाम टाकीच्या उघड्या पत्र्याला आतून येतो. ते पाणी ओघळून तळाशी जाते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, तर एक लिटर पेट्रोलचे सुमारे पाऊण किलो. म्हणून पाणी नेहमी खाली राहते. कॉकही तेथेच असतो.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. ते ऊस, मका, तांदूळ यांपासून काढलेले मद्यार्क होय. आपल्या देशात हे काम 2003 साली 5 टक्क्यांनी सुरू झाले. 2022 साली ते 10 टक्क्यांवर आणि 2025 साली 20 टक्क्यांवर गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी फार झाले, तर इथेनॉल व पाणी मिळून खाली बसतात. म्हणून टाकीत पाणी जाऊ न देण्याची काळजी आता जास्त घ्यावी लागते.

दोष कसा ओळखावा?

आधी टाकीचे झाकण उघडून पाहा. झाकणाला हवा जाण्यासाठी बारीक भोक असते. ते बुजले तरी गाडी अशीच अडते. झाकण सैल करताच गाडी नीट चालली, तर ते भोक साफ करा. काम झाले!

तसे नसेल, तर इंजिन थंड होऊ द्या. उघड्या जागी या. बिडी, दिवा, चूल जवळ नको. कॉक बंद करून कार्बोरेटरकडची नळी काढा आणि स्वच्छ काचेच्या बाटलीत धरा. कॉक उघडला की सलग धार पडली पाहिजे. धार तुटक असेल, तर वाट वरच बंद आहे. बाटली पंधरा मिनिटे तशीच ठेवा. तळाशी तांबूस कण दिसले तर तो गंज. खाली निराळा थर दिसला तर ते पाणी.

2020 सालानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नसतो. टाकीत विजेवर चालणारा पंप असतो व नळीत दाब असतो. तिची नळी घरी काढू नका. ते काम मिस्त्रीचे.

टाकी कशी साफ करावी?

बॅटरीची तार सोडा. पेट्रोल लोखंडी डब्यात काढून टाकी उतरवा. कॉक काढून ते भोक रबरी बुचाने बंद करा. साबणाच्या पाण्याने टाकी तीन-चार वेळा खळबळून धुवा, म्हणजे पेट्रोल निघून जाईल.

मग लिंबूसत घ्या. किराणा दुकानात मिळते. एक लिटर कोमट पाण्याला 50 ते 100 ग्रॅम पुरे. या पाण्याने टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवा. झाकण घट्ट लावू नका, कारण आत वायू तयार होतो. संडास धुण्याचे ॲसिड वापरू नका. ते गंजाबरोबर पत्राही खाते.

सकाळी टाकी रिकामी करा. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने. नंतर लगेच कडक उन्हात पुरती वाळवा. येथे आळस करू नये. उघडा पडलेला पत्रा ओला राहिला, तर थोड्याच वेळात पुन्हा तांबूस होतो. वाळली की थोडे इंजिन ऑइल घालून टाकी सगळीकडे फिरवा व उरलेले ओतून टाका.

कॉकची जाळी आणि नळी नवी घाला. नळीत लहानसा फिल्टर बसवून घ्या. जेट हवेने फुंकून साफ करावा. त्यात तार घालू नये, भोक मोठे होते आणि गाडी जास्त पेट्रोल पिते.

जिवावर बेतणाऱ्या तीन गोष्टी

एक. गंजाने टाकीला भोक पडले, तर ती तशीच वेल्डिंगला देऊ नका. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची असते. आत पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. ठिणगी पडली की स्फोट होतो. त्यापेक्षा दुसरी टाकी घ्यावी.

दोन. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढू नका. थोडे जरी श्वासनलिकेत गेले, तरी फुप्फुसे बिघडतात. पेट्रोल पोटात गेले, तर ओकारी काढवू नका. लगेच दवाखान्यात न्या.

तीन. काढलेले पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. लेकरू पाणी समजून पिईल. ते विहिरीजवळ वा नालीतही ओतू नका.

गंज येऊच नये म्हणून

नांगराचा फाळ रोज मातीत चालला की चकाकतो. कोपऱ्यात पडला की गंजतो. गाडीचेही तसेच आहे. पंधरा दिवस गाडी उभी राहणार असेल, तर टाकी भरून ठेवा. एकदम भरणे परवडत नसेल, तर निदान पावसाळ्यात तरी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. गाडी छपराखाली लावा. धुताना झाकणावर जोराची धार मारू नका. झाकणाचे रबर चिरले असेल तर बदला. सदा रिझर्व्हवर गाडी चालवू नका. रिझर्व्हचे पेट्रोल अगदी तळातून येते, आणि गाळ व पाणी तेथेच असते.

आता तुम्ही मिस्त्रीकडे जाल तेव्हा नुसते "गाडी बंद पडते" असे सांगू नका. बाटली दाखवा आणि म्हणा, "भाऊ, आधी टाकी पाहा." दोष जेथे आहे तेथेच पैसा खर्च झाला, तर एकदाच होईल.