‘मी त्याला भेटलो होतो!’: आठवण पक्की, तपशील कच्चे

अजिंठा पाहायला निघालेली गाडी सोयगाव तालुक्यातल्या फर्दापूरला थांबते. टी-जंक्शनच्या वाहनतळावर ती ठेवायची आणि पुढचे चार किलोमीटर बसने जायचं. दहाव्या लेण्यात गाइड हमखास एक खांब दाखवतात. तिथे जुन्या चित्रावरच इंग्रजीत नाव खरवडलेलं आहे: जॉन स्मिथ, मद्रासचं २८ वं घोडदळ, २८ एप्रिल १८१९. वाघाच्या शिकारीला आलेला हा अधिकारी लेण्यात शिरला आणि ‘मी इथे आलो होतो’ याचा पुरावा ठेवून गेला. गंमत अशी, की ते नाव आज माणसाच्या डोक्याच्या बरंच वर आहे. स्मिथ काही राक्षसी उंचीचा नव्हता. लेण्यात शतकानुशतकं साचलेल्या दगडमातीच्या ढिगावर तो उभा होता. पुढे ढीग उपसला गेला, नाव तेवढं राहिलं.

आवडत्या कलाकाराची भेट मनावर अशीच कोरली जाते. रॉक संगीताचे चाहते यात सर्वांत पुढे. मुंबईतल्या जुन्या चाहत्यांकडे अशा आठवणींचा मोठा साठा आहे. १९७२ साली ‘लेड झेपलिन’चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी दोन गाण्यांचं ध्वनिमुद्रण केलं आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या छोट्याशा क्लबात स्थानिक वादकांच्या साथीने वाजवलं. २६ मार्च १९८० रोजी धोबी तलावच्या रंगभवनात ‘द पोलिस’ हा बँड वाजवून गेला. परदेशी बँड मुंबईत येणं तेव्हा इतकं दुर्मीळ होतं, की ज्यांनी तो कार्यक्रम पाहिला त्यांच्या आयुष्यात त्या तारखेला वाढदिवसाइतकं महत्त्व आलं. १९८६ पासून याच रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला आणि आपल्याकडच्या वादकांनाही गाठून सही घेणारे चाहते तयार झाले.

अशी आठवण सांगणाऱ्याचा चेहरा पाहावा. आवाज बदलतो, हात हवेत फिरू लागतात. त्याने कोणता शर्ट घातला होता, हात कसा मिळवला, काय म्हणाला, सगळं काल घडल्यासारखं. पण त्याच रात्री तिथे असलेल्या दुसऱ्या माणसाला विचारलं की शर्टाचा रंग बदलतो, गाण्यांचा क्रम बदलतो, कधी महिनाही बदलतो. पेज आणि प्लांट यांच्या त्या ध्वनिमुद्रणाबद्दल छापून आलेल्या मजकुरातही कुठे मार्च आहे, कुठे ऑक्टोबर. मग खोटं कोण बोलतंय? बहुतेक वेळा कोणीच नाही.

तीव्र भावनेच्या क्षणी शरीरात अॅड्रेनालिन आणि नॉरअॅड्रेनालिन वाढतं. मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग जागा होतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसला जणू सांगतो, हे जपून ठेव. १९९४ मध्ये लॅरी काहिल आणि जेम्स मॅगॉ यांनी काही लोकांना प्रोप्रानोलॉल हे औषध देऊन एक हृदयद्रावक गोष्ट दाखवली. हे औषध अॅड्रेनालिनचा परिणाम रोखतं. त्या लोकांना गोष्टीतला भावनिक भाग, इतरांना राहिला तसा ठळक लक्षात राहिला नाही. संगीत या यंत्रणेत आणखी एक भर घालतं. आवडत्या गाण्यातला अंगावर काटा आणणारा क्षण येतो तेव्हा मेंदूत डोपामिन स्रवतं, आणि तो क्षण येणार म्हणून वाट पाहतानाही स्रवतं, असं माँट्रियलच्या संशोधकांना २०११ मध्ये दिसलं. कार्यक्रमाआधी तासन्‌तास रांगेत उभं राहिलेल्यांना ते प्रयोगाशिवायही ठाऊक होतं.

त्यात वयाचा वाटा आहे. साधारण दहा ते तीस या वर्षांतल्या आठवणी माणसाला पुढे आयुष्यभर जास्त येतात. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिल्यांदा घरात खोटं सांगून कार्यक्रमाला जाणं, हे सगळं याच काळातलं. आपण कोण आहोत हे तेव्हा ठरत असतं, म्हणून त्या काळातली गाणी ‘माझी’ होतात. पन्नाशीत ऐकलेलं गाणं कितीही चांगलं असलं तरी ते बहुधा फक्त चांगलं गाणं राहतं.

मात्र ही तीव्र भावना सगळंच सारखं जपत नाही. मधली गोष्ट ठसठशीत राहते आणि कडेचे तपशील पुसट होतात. समोर आवडता गिटारवादक उभा असताना मागे कोण होतं, घड्याळात किती वाजले होते, आधी काय बोलणं झालं, याकडे मेंदूचं लक्षच नसतं. स्मिथच्या पायाखालच्या ढिगासारखं ते नंतर गायब होतं. पुढे आठवण सांगताना या मोकळ्या जागा भराव्या लागतात. त्या भरायला ऐकलेल्या गोष्टी, पाहिलेले फोटो, वाचलेल्या मुलाखती कामाला येतात. भरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा रॉकशी संबंधित नाही, तो एका दुर्घटनेतून आला. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर लगेच फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, तेव्हा काय करत होता. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. दोन्ही उत्तरं ताडून सातपैकी गुण दिले, तर सरासरी तीनच्याही खाली आली. अकरा जणांना, म्हणजे पाव विद्यार्थ्यांना शून्य मिळालं. त्यांची एकही गोष्ट जुळली नव्हती. पण ‘तुमची किती खात्री आहे’ या प्रश्नावर सगळ्यांची सरासरी पाचपैकी चारच्या वर होती. त्यांच्याच हस्ताक्षरातले जुने कागद समोर ठेवले, तरी मूळ आठवण काही परत आली नाही. नवी आठवणच त्यांच्यासाठी खरी झाली होती.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ड्यूक विद्यापीठात जेनिफर तालारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी असाच अभ्यास केला. हल्ल्याची आठवण आणि त्याच दिवसांतली एखादी साधी, रोजची आठवण, दोन्हींची झीज सारख्याच वेगाने झाली. फरक एवढाच, की साध्या आठवणीवरचा विश्वास कमी होत गेला, हल्ल्याच्या आठवणीवरचा तसाच राहिला. खात्री आणि खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे क्वचित दिसतं.

न झालेली भेटसुद्धा आठवू शकते. कॅथरीन ब्राऊन, रियानन एलिस आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी २००२ मध्ये लोकांना डिस्नेलँडची एक बनावट जाहिरात दाखवली. त्यात बग्ज बनी हा ससा भेटतो, असं चित्र होतं. नंतर विचारल्यावर जाहिरात पाहिलेल्यांपैकी १६ टक्के लोकांनी सांगितलं, की लहानपणी डिस्नेलँडमध्ये आपण बग्ज बनीला भेटलो होतो. हे शक्यच नाही, कारण बग्ज बनी वॉर्नर ब्रदर्सचा आहे. स्पर्धक कंपनीचा ससा डिस्नेच्या दारात कोण उभा करेल?

पाचगणीची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, १९५५ मध्ये तिथल्या सेंट पीटर्स शाळेत दाखल झाला. शाळेतच त्याने मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्या मुलांपैकी कोणालाही तेव्हा ठाऊक नव्हतं, की पियानो बडवणारा आपला वर्गमित्र पुढे जगभर गाजणार आहे. तो मोठा झाल्यावर, विशेषतः १९९१ मध्ये गेल्यावर, आठवणी विचारणारे लोक येऊ लागले. अशा वेळी शेवट माहीत असलेल्या माणसाचं मन मागे जाऊन खुणा शोधतं. वर्गातले शंभर कंटाळवाणे दिवस गळतात आणि पियानोचा एक दिवस उजळतो. याला पश्चातदृष्टीचा परिणाम म्हणतात. बारुख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये तो प्रयोगाने दाखवला. वर्गमित्रांनी सांगितलेलं खोटं आहे असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्या आठवणीची निवड नंतरच्या कीर्तीने केली, इतकंच.

आता तर मोबाइल आहे, मग पुरावा पक्का, असं वाटेल. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ‘कोल्डप्ले’चे तीन कार्यक्रम झाले, तेव्हा मैदानभर पडद्यांचा उजेड होता. लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये संग्रहालयात केलेला प्रयोग इथे आठवावा. ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या वस्तू नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा त्यांच्या कमी लक्षात राहिल्या. मात्र झूम करून एखादाच भाग टिपला, तेव्हा हा तोटा दिसला नाही. अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे ती चित्रांसाठी, पण पाहणाऱ्याच्या स्मरणशक्तीचंही त्यात थोडं भलं होत असावं.

हे सगळं मनोरंजक म्हणून सोडून देता आलं असतं. पण १९७२ मध्ये विशीत असलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत आणि रंगभवनात ‘द पोलिस’ ऐकणारी साठी ओलांडून गेली आहेत. घरात त्यांच्या या आठवणींवरून दोन चुका होतात.

पहिली चूक, अकारण घाबरण्याची. ‘बाबा, मागच्या वेळी तुम्ही निळा शर्ट म्हणाला होता, आता काळा म्हणताय,’ असं म्हणत मुलं एकमेकांकडे पाहतात. जुन्या गोष्टीतले तपशील बदलणं हा स्मृतिभ्रंश नाही. करीम नाडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये उंदरांवर दाखवलं, की आठवण जागी झाली की ती काही काळ पुन्हा मऊ होते आणि नव्याने घट्ट बसवावी लागते. ते होताना बदल शिरू शकतात. पन्नास वेळा सांगितलेली गोष्ट पन्नासदा हाताळलेली असते.

दुसरी चूक अधिक महाग पडते. ‘बाबांना पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा कार्यक्रम गाण्यांसकट आठवतो, त्यांच्या स्मरणशक्तीला काय धाड भरलीय?’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि त्यामुळे तपासणी लांबते. अल्झायमरमध्ये आधी नव्या आठवणी साठवण्याचं काम बिघडतं. जुन्या आठवणी बराच काळ टिकतात. ताजं आधी जातं आणि जुनं शेवटी, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच नोंदवलं होतं. त्यामुळे १९८० ची रात्र किती रंगवून सांगितली यावरून काही ठरत नाही. आज सकाळची गोळी घेतली का, काल घरी कोण आलं होतं, हे विचारावं. तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा येतो का, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होतो का, पैशांचा हिशेब चुकू लागला का, नेहमीचा स्वयंपाक करताना पायऱ्या सुटतात का, याकडे लक्ष द्यावं. असं काही महिने दिसत असेल तर डॉक्टरांकडे जावं. प्रत्येक वेळी निदान अल्झायमरच निघतं असंही नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधं यांमुळेही विस्मरण होतं, आणि त्यावर उपचार आहेत.

कानही तपासून घ्यावेत. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या पण टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये मांडल्या. त्यांत ऐकू कमी येणं आहे. स्पीकरच्या भिंतीसमोर तारुण्य घालवलेल्यांनी हे विशेष मनावर घ्यावं. नीट ऐकू न आलेली गोष्ट लक्षात राहत नाही, आणि घरच्यांना वाटतं विसरले.

निदान झालं तरी संगीत उपयोगी पडतं. ओळखीचं गाणं ऐकताना मेंदूचे जे भाग काम करतात, ते अल्झायमरमध्ये तुलनेने उशिरा झिजतात, असं २०१५ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकातल्या अभ्यासात दिसलं. याचा अर्थ गाण्याने आजार बरा होतो असा नाही. स्मृतिभ्रंश असलेल्यांबरोबर जुन्या आठवणी जागवण्याच्या उपचारांचा कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये आढावा घेतला. त्यात फायदे लहान आणि सगळीकडे सारखे नसलेले आढळले. संगीताच्या बैठकांनी मात्र उदासी थोडी कमी होते, असं त्याच वर्षीच्या दुसऱ्या आढाव्यात दिसतं. ज्या घरात दिवसभर कोणी बोलत नाही, तिथे तेवढंही पुष्कळ आहे.

गाणी मात्र त्या माणसाची हवीत. म्हातारपण आलं की भजनच लावायचं, असा नियम कोणी केला? ज्याने विशीत केस वाढवून गिटार ऐकली, त्याला ती गिटारच लावून द्यावी, आवाज बेताचा ठेवून. तपशील दुरुस्त करत बसू नये. शर्टाचा रंग कोणता होता याने काही बिघडत नाही. फोटो दाखवण्याआधी गोष्ट ऐकून घ्यावी, कारण फोटो पाहिला की आठवण त्याच्या मागे जाते. मोबाइलवर ती ध्वनिमुद्रित करावी आणि सुरुवातीला त्या दिवसाची तारीख बोलावी. पेज आणि प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत वाजवलेली ती दोन गाणी अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. ती आता कुठल्याही फोनवर मिळतात. त्यांतली सतार, सारंगी किंवा तबला कोण वाजवतंय असा साधा प्रश्न विचारला, तरी एखादी दुपार सहज निघून जाते.