अंगावर किती किरणं? हिशेब मांडा!

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ४०० किलोमीटर उंचीवर. तिथे वातावरणाचं पांघरूण नाही, म्हणून अंतराळवीरांच्या अंगावर किती किरणोत्सर्ग पडला याची रोजच्या रोज नोंद ठेवावी लागते. त्या हिशेबातल्या या गमतीजमती.

वर्षाचा कोटा आठवड्याच्या आत
जमिनीवर माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट (हे डोस मोजायचं एकक) नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतो. स्थानकावर तेवढा मिळायला आठवडाही लागत नाही.

सूर्य तापला की डोस घटतो!
रोजच्या डोसात सूर्याचा वाटा थोडाच. मुख्य मारा दूरच्या वैश्विक किरणांचा आणि पृथ्वीच्या चुंबकीय पट्ट्यात अडकलेल्या कणांचा. सूर्य खवळलेला असला की त्याचं चुंबकीय क्षेत्र वैश्विक किरणांना बरंचसं परतवून लावतं. अर्थात, अचानक सौर वादळ आलं की सगळी गणितं कोलमडतात.

थोडक्यात वाचले
अपोलो १६ एप्रिल १९७२ मध्ये परतलं, अपोलो १७ डिसेंबरमध्ये निघालं. मधल्या ऑगस्टमध्ये प्रचंड सौर वादळ येऊन गेलं. तेव्हा चंद्रावर कुणी नव्हतं, हे नशीबच!

तापवा आणि वाचा
डोस मोजायचा कसा? काही स्फटिक किरणोत्सर्गाची ऊर्जा साठवून ठेवतात आणि तापवले की ती प्रकाशाच्या रूपात सोडतात. जितका उजेड जास्त, तितका डोस जास्त. हंगेरीचा ‘पिल्ले’ हा मापक १९८० मध्ये अंतराळवीर बर्टालन फार्कश सल्यूत-६ या अवकाश स्थानकावर घेऊन गेले. त्याचं वाचन तिथल्या तिथे करता येई, स्फटिक पृथ्वीवर पाठवायची गरज नव्हती.

हेल्गा आणि झोहर
२०२२ मध्ये आर्टेमिस-१ मोहिमेत या दोघी चंद्राला फेरी मारून आल्या. दोघी म्हणजे हात-पाय नसलेले पुतळे. हाडं आणि अवयवांसारख्या प्लास्टिकचे थर एकावर एक रचलेले, आत हजारो संवेदक. झोहरला संरक्षक जाकीट होतं, हेल्गाला नव्हतं. जाकिटाने नेमकं काय साधतं ते दोघींच्या आकड्यांतल्या फरकावरून कळावं, हा हेतू.

शिसं नको, पॉलिथिलीन द्या
वेगवान कण शिशावर आदळले की आणखी कण उधळतात. हायड्रोजनने भरलेलं पॉलिथिलीन किंवा पाणी त्याहून सरस.

पुण्याची नजर
सौर वादळांसाठी सूर्यावर नजर हवीच. भारताच्या आदित्य-एल१ यानावरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेत घडली. सूर्यावरचे ज्वालाभडके ती अतिनील प्रकाशात टिपते.

मर्यादा ६००
नासाच्या अंतराळवीराला संपूर्ण कारकिर्दीत ६०० मिलिसीव्हर्टची मुभा आहे. पूर्वी ही मर्यादा वय आणि लिंग पाहून ठरे, त्यामुळे महिलांच्या वाट्याला उड्डाणाचे दिवस कमी येत. आता हिशेब ३५ वर्षांच्या महिलेचा धरतात आणि तोच सगळ्यांना लागू होतो.