कार्डावरचा बिल्ला

पिपरी मेघेहून वर्ध्याकडे जाताना एकाच रंगाचा गणवेश घातलेली दोन वेगवेगळ्या शाळांची मुले तुम्ही पाहिली असतील. कापड तेच, शिवणही तशीच. शाळा ओळखू येते ती खिशावरच्या बिल्ल्यावरून. संगणकातील एका भागाचेही असेच आहे.

अनेक संगणक एकमेकांना जोडले की त्यांचे जाळे तयार होते. संगणकाला या जाळ्याशी जोडणाऱ्या पट्टीस नेटवर्क कार्ड म्हणतात. साध्या कामाला साधे कार्ड चालते, पण महासंगणकाला फार वेगवान कार्डे लागतात. महासंगणक म्हणजे एकच अजस्र यंत्र नव्हे. त्यात अनेक संगणक एका कामाला जुंपलेले असतात आणि जोडणी संथ असेल तर ते एकमेकांची वाट पाहत बसतात. आपल्या विदर्भातील मुरंबा (जि. अकोला) येथे जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ तयार केला. त्याच संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ २०२० साली जगातील ५०० महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला. त्याची जोडणी मेलानॉक्स या मूळच्या इस्रायली कंपनीच्या तंत्राची आहे. ही कंपनी २०२० मध्येच एनव्हिडियाने विकत घेतली.

मेलानॉक्सची कार्डे डेल, एचपी, आयबीएम अशा कंपन्यांनीही आपापल्या नावाने विकली. चिप तीच, लेबल निराळे. पण फरक केवळ लेबलाचा नसतो. आतले फर्मवेअरही वेगळे असते.

फर्मवेअर म्हणजे कार्डावरील छोट्या फ्लॅश चिपमध्ये पक्का बसवलेला प्रोग्राम. (‘पक्का’ हा शब्द उर्दूतही आहे, तेव्हा त्याचा अर्थ सांगत नाही.) वीज गेली तरी तो पुसला जात नाही. कार्ड जागे होताच आधी तोच वाचते. आपल्याला तोंडे किती, वेग किती ठेवायचा, हे त्याला त्यातून कळते. जुन्या फर्मवेअरमधील दोष काढण्यासाठी कंपन्या वेळोवेळी नवी आवृत्ती देतात. आवृत्ती बदलणे म्हणजेच फर्मवेअर अद्ययावत करणे.

येथेच बिल्ला आडवा येतो. मेलानॉक्सच्या प्रत्येक जातीच्या कार्डाला पीएसआयडी नावाची खूण असते. मूळ कंपनीच्या कार्डाची खूण ‘एमटी’ या अक्षरांनी सुरू होते, तर एचपीच्या कार्डाची ‘एचपी’ने. फ्लिंट नावाचा प्रोग्राम नवे फर्मवेअर लिहिण्यापूर्वी कार्डाची खूण आणि फाईलची खूण ताडून पाहतो. न जुळल्यास तो नकार देतो.

हा नकार मी एकदा मानला नाही. एका कार्यालयाकडून मिळालेल्या जुन्या सर्व्हरमध्ये असेच दुसऱ्याच्या लेबलाचे कार्ड होते. मी मूळ चिपवाल्या कंपनीची ताजी फाईल आणली. प्रोग्रामने अडवले, तेव्हा खूण बदलण्याची सक्तीची आज्ञा देऊन पुढे गेलो. सर्व्हर पुन्हा सुरू केला, तर कार्डाचा दिवा लागेना. जुन्या फर्मवेअरची प्रतही मी काढून ठेवली नव्हती! ती काढायला दोन मिनिटे पुरतात.

अशा वेळीही मार्ग असतो. कार्डावर दोन बारीक पिना होत्या. त्या जोडल्या की कार्ड फ्लॅश चिप न वाचताच उठते आणि तिच्यात पुन्हा लिहिता येते. लेबलावरील भाग क्रमांकावरून मी त्याच विक्रेत्याची योग्य फाईल शोधली आणि कार्ड पुन्हा कामाला लावले. यात पूर्ण रविवार गेला.

तुम्ही विचाराल, लिहिता लिहिता वीज गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न साहजिकच आहे. फ्लिंट सहसा नवी प्रत चिपच्या मोकळ्या भागात लिहितो आणि ती पूर्ण उतरल्यावरच जुनी रद्द करतो. त्यामुळे मध्येच वीज गेली, तरी जुनी शाबूत राहते. मात्र ही सोय बंद करण्याचीही एक आज्ञा आहे. तिला हात लावू नका.

लिहून झाल्यावर कार्ड लगेच बदलत नाही. चालू कार्डात जुनेच फर्मवेअर काम करीत असते. सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. मग फ्लिंटलाच आवृत्ती आणि खूण विचारावी. आवृत्ती नवी आणि खूण पूर्वीचीच दिसली, म्हणजे काम बरोबर झाले.