नाशिकचे डोंगर, द्राक्षमळे आणि जलरंग

विषय : ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामशेज या डोंगरांच्या काळ्या पाषाणाचे आडवे थर आणि दिंडोरी-निफाडकडे पसरलेल्या द्राक्षमळ्यांच्या समांतर ओळी.

हंगाम : एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मांडवाच्या तारा आणि उघडी खोडे तेवढी उरतात, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पोपटी पालवी फुटते, आणि जानेवारी ते मार्च घडांची तोडणी चालते.

तंत्र : पारदर्शक जलरंगात शुभ्रता रंगाने आणावयाची नसून कोऱ्या कागदानेच राखावयाची असल्यामुळे, दूरच्या डोंगराचा फिकट निळा हात प्रथम देऊन, तो पुरता वाळल्यावरच जवळच्या मळ्याचा गडद हिरवा भरणे इष्ट. दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड कागद पाण्याने सहसा सुरकुतत नाही.

परंपरा : प्रत्यक्ष स्थळी बसून निसर्गचित्रे रंगविण्याची परंपरा नाशकात चित्रकार शिवाजी तुपे यांनी जोपासली.

प्रदर्शन : १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीची वार्षिक प्रदर्शने आणि १९५२ पासूनचे मुंबईचे जहांगीर कलादालन ही मान्यतेची ठिकाणे होत, मात्र दालनासाठी अर्ज मंजूर झाला, तरी तारखेसाठी दीर्घकाळ तिष्ठावे लागते. चित्र काचेखाली, परंतु काचेला न चिकटेल अशा बेताने मढवावे आणि थेट उन्हापासून दूर टांगावे.