हिवाळ्यातील वजनाचा जमाखर्च

रक्तदाबाच्या रुग्णांनी परिश्रमाने उतरवलेले वजन हिवाळ्यात पुन्हा वाढल्याचे आम्हांस वारंवार आढळते. थंडीमुळे पहाटेचे फिरणे सुटते आणि त्याच सुमारास घरोघरी तिळाचे लाडू होतात. अर्धा तास भरभर चालण्याने सुमारे १४० कॅलरी खर्च होतात. ३० ग्रॅमच्या एका लाडवातून जवळजवळ तेवढ्याच मिळतात. म्हणजे फिरणे थांबून रोज एक लाडू वाढला, तर दररोज सुमारे २८० कॅलरी शिल्लक पडतात आणि महिन्याकाठी किलोभर वजन वाढू शकते. लाडू वर्ज्य करण्याचे कारण नाही. त्या जेवणात एक पोळी व चमचाभर तूप कमी घ्यावे. उन्हे वर आल्यावर फिरावे. दर आठवड्यास वजन नोंदवावे. कुटुंबीयांनी फिरण्यास सोबत करावी, ही नम्र विनंती.